मुका थर्मामीटर

१२ जून

आई,

पाया पडते. मी सुखरूप पोचले हे ह्यांनी सांगितलंच असेल. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही "काय? काय?" करणार, मी घसा फोडणार, आणि शेवटी चिमणीने मध्ये बसून आजीचं आईला आणि आईचं आजीला सांगत राहायचं. त्यापेक्षा पत्र बरं.

हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तिघी. बाकीच्या दोघी विशीच्या आतबाहेरच्या. मला "काकू" म्हणतात आणि वरच्या फळीवरचं सामान मात्र काकूलाच काढायला लावतात. सकाळी वर्ग, दुपारी दवाखान्यात काम. पेशंटचं वजन, ताप, नाडी, रक्तदाब बघायचा, जखमा पुसायच्या, हत्यारं धुऊन निर्जंतुक करायची, डॉक्टरांच्या हाताशी हवं ते ठेवायचं. इंजेक्शन शिकायला एक रबराचा हात आहे. त्याच्याशी माझं छान जमतं, कारण तो बोलत नाही.

बोलणाऱ्यांशीच पंचाईत आहे. इथे जो तो तोंडाला मास्क लावून बोलतो. मोठ्या सिस्टर, म्हणजे आमच्या इनचार्ज, त्या मास्कच्या आत काहीतरी पुटपुटतात आणि पोरी खुशाल वहीत उतरवून घेतात. माझ्या वहीत निम्मी वाक्यं लंगडी. परत विचारलं की सिस्टर म्हणतात, "आत्ताच सांगितलं ना?" सांगितलं असेल हो, पण तोंड उघडून सांगा की! आमच्या शेडमध्ये शंभर माग खडखडत असायचे तरी एकमेकींचं बोलणं कळायचं. इथे चिटपाखरू नाही आणि कळत काही नाही. इथली माणसं शब्द गिळतात, दुसरं काय.

त्यात मला मिळालेला थर्मामीटर मुका आहे. काखेत लावायचा, ताप मोजून झाला की तो म्हणे वाजतो. माझा वाजत नाही. मी आपली पेशंटच्या तोंडाकडे बघत बसते, पेशंट माझ्या तोंडाकडे. शेवटी तोच म्हणतो, "बाई, आता काढा की." रांगेत सगळ्यात मागे मी. मामंजींच्या दुखण्यात सगळं करत होते तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, हिला रीतसर शिकवलं तर ही दवाखाना चालवेल? आता या आणि बघा माझा दवाखाना.

चिमणीचा अभ्यास घ्या.

तुमची सूनबाई


२० जून

सूनबाई,

खूप आशीर्वाद, आणि थोडी कानउघाडणी. आठवडा झाला नाही तोवर रडगाणं? मागावर पहिल्या महिन्यात तू रोज धागा तोडत होतीस आणि मुकादम रोज तुझ्या नावाने शंख करत होता. तेव्हा टिकलीस ना? मग मास्कवाल्या बाईला काय भ्यायचं.

तुझं पत्र वाचल्यावर मी कपाटातून आपला थर्मामीटर काढला. चिमणी शाळेत, तुझा नवरा मागावर, घरात मी एकटी. काखेत धरून बसले ती बसलेच. हूं नाही की चूं नाही. मी म्हातारी बहिरी, मला ऐकू येणार नाही हे धरून चालू. पण तू तर चांगली धडधाकट, तरी तुझाही वाजत नाही. म्हणजे वस्तूच भंगार. हल्ली सगळंच तसलं. पूर्वीचा पाऱ्याचा बरा होता, वाजत नव्हता, पण वाजतो म्हणून थापा तरी मारत नव्हता.

तेव्हा गप्प बसू नकोस. जो कोण सामान देतो त्याला ठणकावून सांग की दुसरा दे. तोंड असून मुक्यासारखं राहिलीस तर लोक डोक्यावर मिरी वाटतील.

तुझा नवरा तुझ्याविना घरात हरवल्यासारखा फिरतो. काल मिठाचा डबा शोधायला त्याने सगळं स्वयंपाकघर उलथंपालथं केलं. डबा त्याच्या हातात होता.

आई


४ जुलै

आई,

तुमचा सल्ला ऐकला आणि तोंडावर पडले.

स्टोअरवाल्याकडे गेले, ठणकावलं. त्याने दुसरा दिला. तोही मुका. परत गेले, तिसरा घेतला. तिसराही तसलाच! मग मी जरा आवाज चढवला. तर त्याने सगळ्यांच्या समोर तो स्वतःच्या काखेत लावला आणि थोड्या वेळाने काढून म्हणाला, "वाजला की." मी म्हटलं, "कुठे वाजला?" झालं, पोरी खो खो हसायला लागल्या. एक म्हणते, "काकू, आम्हालाही ऐकू आला." सगळ्यांनी मिळून माझी थट्टा मांडली आहे, आई. मी वयाने मोठी, मी मागावरून आलेली, मला येड्यात काढायला ह्यांना चांगलं सापडलं आहे.

वर मोठ्या सिस्टरनी माझ्या नावावर शेरा मारला. "सूचनांकडे दुर्लक्ष." मी जाब विचारायला गेले तर दुसरा मारला, "वरिष्ठांशी वाद." तिसरा झाला की कोर्समधून बाहेर, परीक्षेला बसता येत नाही. इतक्या खटपटी करून, पोरीला तुमच्या गळ्यात टाकून इथे आले ती ह्यासाठी? रात्री उशीत तोंड खुपसून रडले. मग लक्षात आलं की उशीत तोंड खुपसायची गरज नव्हती, दोघी पोरी फोनवर हसत होत्या.

आता मी वाजायची वाट बघतच नाही. आकडा लुकलुकायचा थांबला की थर्मामीटर काढते. काम चालतं.

एक मात्र सांगते. रक्तदाब बघण्यात वर्गात माझा हात धरणारं कोणी नाही. दंडाला पट्टा आवळून, स्टेथोस्कोप लावून आतली ठकठक ऐकायची असते. पोरींना ती सापडता सापडत नाही, मला लगेच सापडते. डॉक्टरसुद्धा म्हणाले, ह्या बाईंचा आकडा परत तपासायला लागत नाही. हे मोठ्या सिस्टरना दिसत नाही. त्यांना फक्त शेरे दिसतात.

तुमची सूनबाई


१५ जुलै

सूनबाई,

आशीर्वाद. पत्र पोचलं. चिमणीला दोन दिवस जरा कणकण होती, आता उड्या मारते आहे, तेव्हा लगेच गाडी पकडून येऊ नकोस.

बाकी घरी सगळं ठीक. पाण्याचा नळ गळतो. तुझा नवरा दुरुस्त करतो म्हणाला, आता जास्त गळतो.

एक विचारायचं होतं. तुमच्या त्या दवाखान्यात कानाचे डॉक्टर असतीलच. सहज जाऊन कान दाखवून ये ना. मळ साचतो माणसाच्या कानात. मागावर काम केलेल्यांचा तर कापसाच्या धुळीने साचतोच. सहज म्हणून सांगते, मनाला लावून घेऊ नकोस. मोठ्या सिस्टरशी भांडू नकोस आणि थर्मामीटरचं प्रकरण आता वाढवू नकोस. तो विषय सोडून दे.

जेवणाची आबाळ करू नकोस.

आई


२४ जुलै

आई,

म्हणजे तुम्हीही त्यांच्याच बाजूच्या.

"ठणकावून सांग" म्हणून पत्र कोणी लिहिलं होतं? आता म्हणता वाढवू नकोस, कान दाखव. मोठ्या सिस्टरही परवा हेच म्हणाल्या, "कान कुठे ठेवून येता?" त्यांनी म्हटलं ते सोडून देता येतं. तुम्ही म्हणावं?

मी बहिरी असते तर रक्तदाबाची एवढीशी ठकठक मला ऐकू आली असती का, ते सांगा. दंडाच्या आतली! भल्याभल्या पोरींना येत नाही, मला येते. माझे कान शाबूत आहेत. इथल्या माणसांची मनं तेवढी शाबूत नाहीत.

कामाला जायचं आहे.


२ ऑगस्ट

पोरी,

तू चिडणार हे ठाऊक असून लिहिते आहे. मागच्या पत्रात आडून आडून बोलले ते चुकलं. आता सरळ सांगते.

चिमणीला कणकण होती तेव्हा मी तिला थर्मामीटर लावला आणि वाजायची वाट न बघता बसले, कारण तो बिघडलेला आहे हे आपलं दोघींचं ठरलंच होतं. पोरगी कुरकुरायला लागली. "आजी, काढ ना, किती वेळ वाजतोय!" मी म्हटलं, हा वाजत नाही ग. ती म्हणाली, "नेहमी वाजतो. आई लावते तेव्हाही वाजतो. तुम्ही दोघी काढतच नाही." मी परत लावला. तिने बोट वर केलं, म्हणाली, हे बघ, आत्ता. मला काही नाही.

थर्मामीटर मुका नाही, सूनबाई. तुला ऐकू येत नाही. माझ्यासारखंच. माझंही असंच सुरू झालं होतं, आधी बारीक आवाज गेले. पाखरं गप्प झाली, मला वाटलं झाडं तोडली म्हणून गेली असतील. ती ठकठक तुला का ऐकू येते ते मला माहीत नाही, ते डॉक्टरला विचार.

आपल्या घरात सगळेच ओरडून बोलतात, म्हणून तुझ्या लक्षात आलं नाही. शेडमध्ये तर आपण ओठ बघूनच बोलायचो. कोणी शिकवलं नाही, सगळ्याच शिकल्या. तू अजूनही ओठ बघूनच ऐकतेस ग. आणि तिथे सगळ्यांची तोंडं झाकलेली. ती माणसं शब्द गिळत नाहीत.

हे सांगताना माझा जीव तुटतो आहे. पण माझ्याशिवाय कोण सांगणार? बाकीचे नुसतेच शेरे मारतील.

आई


१९ सप्टेंबर

आई,

उत्तर द्यायला इतके दिवस लागले, कारण तुमचं पत्र मी फाडून टाकलं होतं. ह्यांच्याकडून खुशाली कळवत राहिले, तुम्हाला मुद्दाम लिहिलं नाही. खूप राग आला होता.

मागच्या आठवड्यात काय झालं ते ऐका. लहानसं ऑपरेशन झालेली एक बाई विश्रांतीच्या खोलीत होती, शाळेत शिकवते म्हणे. तिच्यापाशी बसायची माझी पाळी. पेशंटच्या बोटाला एक चिमटा लावलेला असतो, श्वास कमी पडला की त्याचं यंत्र वाजतं. तिला शांत झोप लागली होती, म्हणून मी पाठ वळवून चादरींच्या घड्या घालायला घेतल्या. मन लावून घालत होते. इतक्यात आमच्या खोलीतली पोरगी पलीकडच्या खोलीतून धावत आली, मला ढकललं, त्या बाईची मान सरळ केली, प्राणवायूची नळी लावली. बाईचे ओठ निळे पडत चालले होते. आणि यंत्र म्हणे केव्हापासून ठणाणा करत होतं. पलीकडच्या खोलीत ऐकू गेलं, आई. मी हातभर अंतरावर होते.

ती बाई बरी आहे. घरी गेली. जाताना मलाच "थँक्यू" म्हणाली. तिला काही माहीत नाही.

सगळ्यांनी विचारलं, झोपला होतात का? दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता कानाच्या विभागात गेले. काचेच्या खोलीत बसवतात, कानावर हेडफोन चढवतात आणि हातात एक बटण देतात. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला जाड जाड आवाज आले, मी भराभर दाबलं. मनात म्हटलं, बघा. मग आवाज थांबले. मला वाटलं, मधली सुट्टी असेल. बसून राहिले. भिंतीवरचं चित्र बघितलं. थोड्या वेळाने तपासणाऱ्या बाई दार उघडून आत आल्या. मी विचारलं, "पुढचं कधी सुरू करणार?" त्या म्हणाल्या, "झालं की."

जाड आवाज शाबूत आहेत, म्हणून रक्तदाब जमतो. बारीक आवाज गेले आणि ते परत येत नाहीत. कानात घालायच्या मशीनने थोडं भागतं. मला पहिला प्रश्न त्यांनी हाच विचारला, "मागावर होतात का?"

आता माझ्यापुढचा पेच. मोठ्या सिस्टरनी बोलावलं होतं. तिसरा शेरा मारायलाच हवा, पण परीक्षा तोंडावर आली आहे आणि रक्तदाबात हात चांगला आहे, म्हणून त्या एकदा डोळेझाक करतील. मी फक्त कबूल करायचं की दमले होते, लक्ष नव्हतं. म्हणजे निष्काळजी म्हणून मला पास होता येतं. बहिरी म्हणून होता येतं का, कोण जाणे. सांगितलं तर काढूनच टाकतील असं पोरी म्हणतात. त्यांना नुसतं असं-झालं-तर म्हणून विचारलं.

काय करू? पंधरा दिवस गप्प राहिलं तर हातात सर्टिफिकेट येतं. मशीन नंतर घेता येईल. लगेच लिहा.

तुमची सूनबाई


२४ सप्टेंबर

पोरी,

सांग.

कारण मीही अशीच लपवून बसले होते. मी हाकेला ओ देत नाही म्हणून अख्ख्या गल्लीने मला शिष्ट ठरवलं. मुकादम उर्मट म्हणायचा. सख्खी बहीण घरी येईनाशी झाली, म्हणे तू आमच्याशी धड बोलत नाहीस. मी सगळं चालवून घेतलं. बहिरी म्हणवून घेण्यापेक्षा उर्मट परवडते असं वाटायचं. पण माझ्या हातात कापड होतं ग. धागा तुटला तर तुटला. तुझ्या हातात माणूस आहे. तुझी ती शाळेतली बाई नशिबाने वाचली. पुढची कोणाच्या नशिबाने वाचणार?

तुझा नवरा म्हणतो, पुरे झालं शिक्षण, परत ये, शेडचा मालक जागा द्यायला तयार आहे. मी त्याला म्हटलं, उरलेसुरले कानही त्यालाच देऊन टाकू का? तो उठून बाहेर गेला. रागावला नाही, घाबरला आहे. चिमणीने त्याच्याही काखेत थर्मामीटर लावून बघितला. मी तिला सांगितलं नव्हतं, तिनेच लावला. काय झालं ते तो सांगत नाही आणि चिमणीही सांगत नाही. मी विचारलं नाही.

चिमणीच्या शाळेतून बोलावणं आलं होतं म्हणून मी गेले. बाई चांगल्या आहेत, माझ्याशी तोंड समोर ठेवून बोलल्या. म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, पण वर्गात ओरडूनच बोलते, बाकीची मुलं कानावर हात ठेवतात. "घरात फार भांडणं होतात का?" असं विचारलं त्यांनी. मी काय सांगणार? आमच्या घरात कोणी भांडत नाही हो. सगळे फक्त बोलतात.

रात्रभर तेच डोक्यात होतं. म्हणून म्हणते, सांग. काढलं तर काढलं.

आई


११ ऑक्टोबर

आई,

सांगितलं.

शाबासकी बिबासकी देऊ नका, कारण काही चांगलं झालेलं नाही. मोठ्या सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" मला इतका संताप आला. मलाच माहीत नव्हतं ते मी कोणाला सांगणार होते? आणि इतके महिने मी परत परत "काय म्हणालात?" विचारत होते, तेव्हा दवाखान्यात एवढी शिकलेली माणसं असताना एकाला तरी शंका येऊ नये? शेरे मारायला सुचले, कान बघायला सुचलं नाही. हे मी त्यांना तोंडावर बोलले. मग त्यांनी मास्क खाली ओढला आणि म्हणाल्या, "ते खरं आहे." पण निर्णय काही बदलला नाही.

परीक्षेला बसू दिलं नाही. पुढच्या तुकडीत पहिल्यापासून यायचं, मशीन लावून, आणि डॉक्टरांनी लिहून दिलं तरच. तोवर पेशंटजवळ एकटीने थांबायचं नाही. दोघी पोरी पास झाल्या, त्या दिवशी खोलीत नाचल्या. मीही टाळ्या वाजवल्या आणि मग बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. ह्या वयात नापास तरी झाले असते तर बरं होतं. परीक्षेला बसूच दिलं नाही, हे कोणाला काय सांगायचं!

परत येत नाही. इथेच राहणार. ह्यांना म्हणावं, कानात बोळे घातल्याशिवाय मागावर उभं राहायचं नाही आणि येत्या सुट्टीला कान दाखवायला यायचं. हे बायको म्हणून सांगत नाही, दवाखान्यातली बाई म्हणून सांगते, शिकाऊ का होईना. तुम्हीही यायचं. मला "सांग" म्हणून लिहिलंत ना? मग चला.

परवा मशीन लागलं. त्याचं कौतुक फार करू नका. पंखा घरघरतो, चपला खरखरतात, पोरी चमचा ताटात टाकतात तेव्हा दचकायला होतं. काल संध्याकाळी घरी फोन केला. तुम्ही झोपला होतात, चिमणीने उचलला. तिने "आई!" म्हटलं आणि मी फोन कानापासून लांब धरला. केवढ्याने ओरडते हो पोरगी. तिची काही चूक नाही. आपण तिघं तिला जन्मल्यापासून "मोठ्याने बोल, पुटपुटू नकोस" म्हणून दटावत आलो.

मी म्हटलं, "चिमणे, हळू बोल." ती एकदम गप्प झाली. मी म्हटलं, "अग, बोल ना." तरी गप्प. मला वाटलं फोन कट झाला. मग तिने अगदी बारीक आवाजात विचारलं, "आई, रागावलीस का?"

ते मला ऐकू आलं, आई. तिचा तसा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

तुमची सूनबाई